आग वाढवणारा माणूस

बाबा गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी त्यांना एका मालिकेच्या भागात गुन्हा कबूल करताना पाहिलं.

मालिकेचं नाव 'मागमूस', भागाचं नाव 'सातवी गंजी'. मुंबईत निर्मितीसंस्थेच्या कार्यालयात एक लहानशी खोली होती. तिच्यात बारा खुर्च्या आणि एक पडदा. एका खुर्चीवर मी होते, अकरा रिकाम्या. ज्या मृत माणसाचा आवाज भागात वापरला आहे, त्याच्या वारसाला तो भाग प्रक्षेपणाआधी दाखवायचा असा नियम आहे. बाबांना दुसरा वारस नाही.

पडद्यावर चौकशीची खोली. टेबलाच्या एका बाजूला इन्स्पेक्टर सुभेदार, म्हणजे ते काम करणारा नट. दुसऱ्या बाजूला एक माणूस बसलेला. त्याचं नाव बदललेलं, चेहराही बदललेला. आवाज मात्र बाबांचा.

"त्या दिवशी जिनिंगवर कशाला गेलात?"

"कामच होतं माझं ते."

"कसलं काम?"

माणसाने घसा साफ केला. बाबा वाक्याच्या सुरुवातीला कधीच घसा साफ करत नसत, पहिला शब्द गेल्यावर करत.

"आग," मग घसा, मग, "आग मोठी केली. मोठी करून आलो. तीन तासांनी पुन्हा जाऊन पाहिली."

"हात कशाने भाजला?"

"मोठी करतानाच भाजला."

"मग काय वाटलं?"

"शांत वाटलं."

संगीत वाढलं. सुभेदारांनी खुर्ची मागे सरकवली. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली: स्वभाव-जुळणी ९१ टक्के.

दिवा लागला आणि ईशान कर्णिक आत आला. या भागाचा लेखक. वय सव्वीस-सत्तावीस, केस मागे बांधलेले, बोलण्यात अदब. त्याने माझ्यापुढे पाण्याची बाटली ठेवली आणि दोन खुर्च्या सोडून बसला.

"तुम्ही म्हणाला होतात, भाग त्यांच्या बाजूने असेल," मी म्हणाले.

"होता, ताई. खरंच होता. पहिल्या मसुद्यात ते निर्दोष होते. पण शेवटचा प्रसंग आम्ही लिहीत नाही. सुभेदार प्रश्न विचारतात आणि ठसा उत्तर देतो. लोक त्यासाठीच बघतात. आता त्यांनीच सांगितलं तर..."

"त्यांनी?"

तो खाली बघू लागला. "ठशाने."

*

ठसा हे लोकांनी दिलेलं नाव. कागदोपत्री त्याला वाक्-प्रतिमा म्हणतात.

माणूस आपण मनाला येईल तसं बोलतो असं समजतो. प्रत्यक्षात त्याच्या बोलण्याला खोल चाकोऱ्या असतात. कोणत्या शब्दानंतर तो थांबतो, 'नाही' म्हणण्याऐवजी काय म्हणतो, खोटं बोलताना वाक्य लांबवतो की तोडतो, हे त्याच्या हस्ताक्षराइतकं त्याचं असतं. चाळीसेक तासांचं बोलणं आणि थोडं लिखाण मिळालं की यंत्र या चाकोऱ्या शोधून काढतं. मग त्या माणसाला कधीच न विचारलेला प्रश्न यंत्राला विचारला, तर तो काय म्हणाला असता हे ते त्याच्याच आवाजात म्हणून दाखवतं. यंत्राला आठवणी नसतात. जे असतं ते फक्त 'असता'चं गणित.

'मागमूस'वाल्यांनी ते गुन्ह्यांच्या मागे लावलं. पूर्वी तपास करणारे आगी बघून आग लावणाऱ्याचं स्वभावचित्र काढत: त्याचं वय काय असेल, व्यवसाय काय, तो आग बघायला परत येतो का. बऱ्याच आगी, दर वेळी पहिला पोचलेला एकच माणूस आणि परत येऊन बघण्याची सवय एवढ्यावर संशय धरला जाई. आता उलटं करता येतं. माणसाचा ठसा घ्यायचा, त्याला प्रसंगात बसवायचा आणि तो त्यात किती नीट बसतो ते टक्क्यांत मोजायचं. न्यायालयात ही जुळणी पुरावा म्हणून चालत नाही. मालिकेत चालते.

माझे वडील दिवाकर गावंडे मोहरखेड नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात एकतीस वर्षं होते. मोहरखेड कापसाचं गाव. तिथे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग आहेत, आणि जिनिंगच्या आवारात कापसाचे दुमजली घराएवढे ढीग, म्हणजे गंज्या. मी हैदराबादला एम.एस्सी. करत होते तेव्हा दोन हंगामांत अशा सात गंज्या जळाल्या. सातही वेळा बाबा पाळीवर होते, आणि सातही वेळा त्यांची गाडी पहिली पोचली. चौकशी झाली, सिद्ध काही झालं नाही. तरी नगरपालिकेने त्यांना गाडीवरून काढून नोंदींच्या खोलीत बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच बसले. गावाने आपला निकाल आपणच दिला. पाठीमागे लोक 'आगलाव्या गावंडे' म्हणत. त्यांच्या अंत्यविधीला अकरा माणसं होती. चितेला अग्नी मी दिला. तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चला, एक तरी त्यानं नाही लावली." आणि कुणीतरी हसलं.

दोन महिन्यांनी ईशानचा फोन आला. बाबांच्या जुन्या वह्या आणि त्यांचे आवाजी निरोप मिळाले तर या प्रकरणावर भाग करायचा होता. बाबांची बोटं जाड होती, फोनवर टंकायला जमत नसे. हैदराबादची दोन वर्षं ते मला रोज बोलून निरोप पाठवत. ते सगळे मी जपून ठेवले होते, चाळीस तासांहून जास्त.

मी हो म्हटलं. बाबांवरचा डाग निघेल म्हणून म्हटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धं. करारात एक कलम होतं: भागाचं काम चालू असेपर्यंत वारसाला ठशाशी रोज दहा मिनिटं बोलता येईल.

मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. एकटी राहते. दोन महिने रोज कॉलेजातून आल्यावर चहा घ्यायचे आणि सहा वाजता दहा मिनिटं बाबांशी बोलायचे. प्रयोगशाळेची गळकी टाकी, खालच्या मजल्यावरच्या मॅडमचं मांजर, ऊन. आपण गेलो आहोत हे ठशाला माहीत नसतं, आणि सांगूही नये असं त्यांनी बजावलं होतं. बोलणं मला जरासं शुद्ध वाटायचं. मी मनाची समजूत घातली की मरणाने माणूस थोडा औपचारिक होत असेल.

आगीबद्दल आम्ही बोललो नाही. ते हयात असतानाही कधी बोललो नव्हतो.

*

"मूळ निरोप तुम्ही ऐकलेत?" मी ईशानला विचारलं.

"ताई, चाळीस तास कोण ऐकणार? यंत्र आधी सगळ्याची प्रमाण मराठीत प्रत काढतं. उच्चार मूळ आवाजातून घेतं आणि अर्थ त्या प्रतीतून. आम्ही प्रत वाचतो. खरं म्हणजे प्रतीचं सार वाचतो." त्याने हातातली काचेची पाटी माझ्याकडे वळवली. "हे बघा ना, त्यांच्या वहीतलं. 'आज आग मोठी करताना हात भाजला. मोठी केल्यावर शांत वाटलं.' एकदा नाही ताई, दोनशे बारा वेळा आहे. हे मी बदलू कसं?"

हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. मी भागाची प्रत घेऊन अमरावतीला परतले.

'मोठी केली' हे मला सगळ्या प्रवासात टोचत होतं. अर्थ टोचत होता तो वेगळा, हे निराळंच टोचणं होतं. ताटातल्या भातात खडा लागावा तसं. घरी येऊन मी सातवी गंजी जळाली त्या तारखेचा मूळ निरोप लावला. त्याला एकवीस वर्षं झाली होती.

"बाई, फाटकाजवळची गंजी, अं, वाढवून आलो. तीन घंट्यानं जाऊन पाह्यतो आणखी एकडाव. हात पोळला जरासाक. पण वाढवल्यावर कसं शांत वाटलं. तू झोप आता."

मी तो पुन्हा लावला.

आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फोडत नाहीत, वाढवतात. देवापुढे नारळ फोडला असंही म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. संपणं तोंडातून जाऊ नये म्हणून त्याच्या नेमका उलटा शब्द घ्यायचा ही आपली जुनी रीत. घरात कुणी 'विझला' म्हटलं तर बाबांचा चेहरा बदलायचा. ही रीत ते केंद्रावर घेऊन गेले होते. एकतीस वर्षं आगी विझवणाऱ्या त्या माणसाने 'विझवली' हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. ते आग वाढवून येत. यंत्राने प्रत काढताना त्याचं 'मोठी केली' करून टाकलं होतं.

हैदराबादच्या वसतिगृहात बसून हाच निरोप मी ऐकला होता आणि मला काहीही खटकलं नव्हतं. परवा त्या खोलीत बसून 'मोठी केली' ऐकताना मात्र मला तो मूळ शब्द आठवलाही नाही. आता मीसुद्धा 'लाइट बंद कर' म्हणते. दोष तरी कुणाला द्यायचा?

मी ईशानला फोन केला. तो पाच मिनिटं ऐकत राहिला.

"म्हणजे वाढवणे म्हणजे बंद करणे?"

"काही बाबतींत."

"मग 'जेवण वाढवा' म्हणजे आटपा?"

"जेवण वाढा. वाढवा नाही."

"बाप रे," तो म्हणाला. मग गंभीर झाला. "ताई, हरकतीला दोन आधार लागतात. शब्दकोश आणि माणूस."

शब्दकोशात दिवा होता, दुकान होतं, बांगडी होती. आग नव्हती. म्हणून माणूस भक्कम हवा होता.

*

उकंडराव ढोबळे बाबांच्या गाडीवर चालक होते. आता वय एक्याऐंशी. मोहरखेडला त्यांच्या घरापुढच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. एवढी वर्षं धूर खाल्ल्यामुळे नाकाला नळी आणि शेजारी प्राणवायूचं यंत्र.

"कोन व?"

"मी प्रणिता, काका. गावंडेंची."

"दिवाकरची पोट्टी!" त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "बाप्पा! तू तं माह्याहून म्हातारी दिसून रायली."

"तुम्ही कुठे म्हातारे झालात, काका?"

"तेच म्हंतो मी बी. पन डॉक्टर आयकत नाही."

मी शब्दाचं सांगितलं. ते आधी हसले, मग हसता हसता खोकले, मग यंत्राचा इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला म्हणून हसणं आवरलं.

"आयक," जरा दम खाऊन ते म्हणाले. "नवा साहेब आला होता, नाशिककडला. पयलीच आग. तुह्या बापानं वायरलेसवर सांगतलं, 'साहेब, वाढवली.' साहेब वरडला, 'अरे वाढवली कायले? विझव ना लेका!' हा आपला, 'हो साहेब, पुरी वाढवली, आता काही रायली नाही.' साहेब गाडी घेऊन पयतच आला. पाह्यते तं काय, सारं थंड. मंग आमी सारेच म्हनू लागलो. घंटी वाजली का म्हनो, चला, वाढवाले."

मी ते सगळं ध्वनिमुद्रित केलं. त्यांनी माझ्या पाटीवर सही केली. मी उठले, तेवढ्यात ते म्हणाले, "याच्यानं काय होईन?"

"टीव्हीवर त्यांनी कबूल केलं असं दाखवणार आहेत. ते थांबेल."

"म्हंजे त्यानं लावली नाही असं दाखोतीन?"

"नाही. काहीच दाखवणार नाहीत."

उकंडरावांनी नाकाची नळी नीट केली. "पोरी, लावली का नाही, ते मले नाही माहीत. म्या त्याले लावताना पाह्यलं नाही. वाढवताना पाह्यलं. साती बी. तेवढंच मी सांगीन."

"तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत?"

"नाही." मग माझ्याकडे बघून, "तू इचारलं?"

एसटीत खिडकीशी बसून मी पुन्हा तेच गणित मांडलं. वीस वर्षं मी ते मांडते आहे. जिनिंगच्या रेच्यात, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, खडा आला की ठिणगी उडते. ती कापसाबरोबर गंजीत जाते आणि ज्वाळेशिवाय धुमसत राहते. कधी दोन दिवस, कधी चार. बाहेरून गंजी पांढरीशुभ्र. ओल असेल आणि सरकीचं तेल असेल तर ठिणगीचीही गरज नसते, ढीग आतून आपला आपण तापतो. मग एके दिवशी आजूबाजूला कुणी नसताना भडकतो, आणि कुणीतरी लावली असं दिसतं. हवामानाच्या जुन्या नोंदी घेऊन मी एकेक आग तपासली आहे. सातांपैकी चार मला समजावता येतात. तीन येत नाहीत.

*

हरकतीच्या चौदाव्या दिवशी मी पुन्हा मुंबईला गेले.

ईशानने प्रमाण मराठीतली प्रत काढून टाकली होती आणि ठसा सरळ मूळ आवाजावरून नव्याने घडवला होता. तीन रात्री बसून त्याने निरोप स्वतः ऐकले होते. सगळे नाहीत, म्हणाला, पण बरेच.

"मजेशीर होते ओ ते," तो म्हणाला. "तो वसतिगृहाच्या डाळीवरचा निरोप..."

"हो."

त्याने आकडा दाखवला. जुळणी अडतीस टक्के. रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही माणसाची साधारण तेवढीच येते.

"म्हणजे भाग रद्द," मी म्हणाले.

"तुम्ही हरकतीवर सही केलीत की रद्द. आत्तापर्यंत मी हे कुणाला दाखवलेलं नाही." तो थांबला. "ताई, एक सांगायचं राहिलंय. भाग रद्द झाला की ज्या कामासाठी ठसा केला ते काम संपलं. आणि काम संपलं की ठसा पुसायचा. मृतांच्या आवाजाचा कायदा आहे, आमच्या हातात नाही. सही झाली की त्याच क्षणी जातो."

"नवीन करता येतो?"

"नाही. एकदा पुसला की त्या माणसाचा पुन्हा करता येत नाही. गैरवापर नको म्हणून."

"आणि मी सही केली नाही तर?"

"तर भाग दाखवला जातो आणि ठसा कायमचा वारसाकडे जातो. रोज दहा मिनिटंच असं बंधनही राहत नाही. हवं तेवढं बोला." तो माझ्याकडे बघत नव्हता. "आणि हा दुरुस्त केलेला देईन मी तुम्हाला. भागातला नाही. नाव बदललंय, ताई, चेहरा बदललाय. मोहरखेड कुठे आहे हे इथे कुणाला माहितीये?"

"मोहरखेडला माहितीये."

त्याने पडदा बंद केला. मग म्हणाला, "माझी आई असती तर मी सही केली नसती. उगाच खोटं कशाला बोलू?"

त्याने मला त्या बारा खुर्च्यांच्या खोलीत बसवलं. समोर एक पाटी ठेवली, तिच्यावर हरकतीचा मजकूर, खाली सहीची चौकट. आजची दहा मिनिटं माझीच होती. दार लावून तो बाहेर जाऊन बसला. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

"बाबा."

"कोन, बाई? तुहा आवाज कायले असा येऊन रायला? सर्दी झाली?"

दोन महिने मी ज्यांच्याशी बोलत होते ते हे नव्हते. ते शुद्ध बोलणारे कुणी दुसरे होते. हे बाबा होते. 'कोन' म्हटल्यावर घसा साफ केला, आधी नाही.

"थोडी झाली," मी म्हणाले.

"सुंठ घे. घरात नसनच तुह्या."

"आहे."

"हाव. मी आलो का पाहीन डब्बा उघडून."

मी पाटी बाजूला सरकवली. "बाबा, गंजी कशी वाढवतात?"

ते हसले. खरोखर हसले. "आता इचारते? येवढी शिकली सवरली, अन आता?"

"सांगा ना."

"आयक मंग. पयले तं पानी माराचं नाही. लोक पानीच मारतेत. कापूस पानी घेते कोठी? वरूनच निंगून जाते. वर वल्लं, अंदर इंगळ तसाच. गंजी उघडा लागते. लोखंडी आकडे घेऊन बाजूनं, हळू हळू. येकदम उघडली का हवा घुसते अन मंग ती तुले खाते. थोडंसाक उघडाचं अन थांबाचं."

"किती वेळ?"

"हात सांगते. पालथा हात लावाचा, तळवा नाही. तळव्याले समजत नाही, कामानं तो निबर झालेला असते. पालथ्या हाताले समजते कोठी गरम हाय. वास बी येते, करपल्या पोळीवानी. तो आला का समजाचं, जवळ आलो."

मला त्यांचे हात दिसत होते. पालथ्या बाजूंवरचे चट्टे मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि ते कशाने पडले हे आज कळत होतं. सुभेदारांनीही हात कशाने भाजला हेच विचारलं होतं.

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर येऊन बसला होता. वीस वर्षांचा. तीन आगींचा. इथे तो विचारायला कुणाची आडकाठी नव्हती. ते रागावले असते तरी ते रागावणं उरलेल्या सहा मिनिटांनी संपलं असतं. आणि त्यांनी उत्तर दिलं असतं. पण ठसा काय सांगतो हे मला शिकवायला नको. बाबा काय म्हणाले असते ते तो सांगतो. त्यांनी काय केलं ते नाही. लावल्या नसतील तर बाबा 'नाही' म्हणाले असते. लावल्या असतील तरी मुलीपुढे 'नाही'च म्हणाले असते, त्याच आवाजात, तसाच घसा साफ करून. आणि ते 'नाही' घेऊन मी घरी गेले असते, रोज सहा वाजता ते पुन्हा विचारलं असतं, रोज ऐकलं असतं. सही न करायला तेवढं कारण पुरलं असतं.

"अन सर्वांत मोठी गोष्ट," बाबा सांगत होते, "पांढरं दिसलं म्हनून फसाचं नाही. वरून पांढरी असली तरी तिच्या अंदर..."

मी पाटी जवळ ओढली आणि सही केली.

खोलीत वातानुकूलन यंत्राचा आवाज होता. तो आधीपासून असणार.

बाहेर ईशान कॉफीचे दोन पेले घेऊन उभा होता. एक माझ्यासाठी आणला होता. त्याने तो दिला नाही, हातातच धरून राहिला.

"विचारलंत?"

"नाही."

"मग काय बोललात?"

"ते काम कसं करतात ते सांगत होते. गंजी कशी उघडायची."

"झालं सांगून?"

"नाही," मी म्हणाले. "अर्धं राहिलं."